दमट हवेत माठ कुठे ठेवावा?
माठातले पाणी गार होते ते माती मुळात थंड असते म्हणून नव्हे, तर सच्छिद्र भिंतीतून पाझरलेले पाणी बाष्प होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढून घेते म्हणून. एक ग्रॅम पाण्याचे असे बाष्प होण्यास सुमारे २४०० ज्यूल लागतात, त्यामुळे जेमतेम पावणेदोन ग्रॅम पाणी उडाले तरी लिटरभर पाण्याचे तापमान जवळपास एक अंशाने उतरू शकते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झपाट्याने घडते. ठाणे, ऐरोली, वाशी या खाडीकाठच्या भागांत मात्र हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने माठाभोवतीची ओलसर हवा सतत हलती ठेवणे फार महत्त्वाचे ठरते. म्हणून माठ ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून न ठेवता, सावलीतल्या पण वारा खेळत्या खिडकीजवळ तिवईवर ठेवावा, म्हणजे बुडालाही हवा लागेल. बाहेरून ऑइलपेंट दिलेला माठ, कितीही देखणा असला तरी, घेऊ नये, कारण छिद्रे बुजली की पाझर थांबतो. क्षारांचा पांढरा थर दिसू लागल्यास साबण न लावता काथ्याने घासावे. भर पावसाळ्यात मात्र, हवा जवळजवळ संपृक्त असताना, उत्तम माठातले पाणीही फारसे गार होणार नाही.