मरिनर्सचा सीझन कसा बघावा

मरिनर्स ही सिअ‍ॅटलची बेसबॉल टीम. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत 162 मॅचेस. सगळ्या बघायच्या म्हटलं तर घरात चूल पेटायची नाही. मी मूळची सांगलीची, आता सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला मुलाकडे असते. सिअ‍ॅटल मरिनर्सचा सीझन बघायची माझी एक पद्धत बसली आहे, ती सांगते.

पहिलं म्हणजे एकेका मॅचवर जीव टाकू नका. समोरची टीम बहुतेक वेळा तीन दिवस मुक्कामाला असते. तीनपैकी दोन जिंकल्या की पुष्कळ झालं. दर वेळी हे जमलं तर 108 विजय होतात आणि मरिनर्सनी तो आकडा फक्त 2001 मध्ये ओलांडलाय, 116 जिंकून. (तरी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, नाहीच. न्यूयॉर्कच्या यांकीजनी आधीच घरी पाठवलं.)

तिघांतली कुठली बघायची? पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बघून ठरवा. सुरुवात करणारे पिचर पाच असतात, पाळीपाळीने येतात, आणि कोण येणार ते बहुधा आधीच जाहीर होतं. ब्रायन वूची पाळी असली की मी टीव्हीसमोर. एरवी रेडिओ चालू आणि पुढ्यात मेथीची जुडी.

मॅच टिपायला एक चौकटीची वही ठेवा. मैदानातल्या जागांना ठरलेले आकडे आहेत: पिचर 1, कॅचर (बॅटवाल्याच्या मागे बसणारा) 2, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवाले 3, 4, 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, आणि मागे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर, दोघं आउट: 6-4-3. बॅट फिरवून चुकला आणि आउट झाला तर इंग्रजी के. नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच के उलटा, आणि तो काढताना फार समाधान होतं. मैदानावर 2 नंबरचा कॅल राली 2025 मध्ये 60 होम रन (बेसबॉलचे षटकारच म्हणा) मारून गेला. एवढे कुठल्याच कॅचरने एका सीझनमध्ये मारले नव्हते.

गुणतक्ता मे संपेपर्यंत उघडूच नका. यात गुण नसतात, फक्त विजय आणि पराभव. आपले 80-70, वरच्यांचे 83-67, म्हणजे आपण तीन मॅच मागे. मी आधी पराभवांचा रकाना बघते. उरलेल्या मॅचेस जिंकता येतील, हरलेल्या परत खेळायला मिळत नाहीत.

आणि किती विजय पुरतील ते आधी कुणी सांगू नये. मरिनर्सनी 2021, 2022 आणि 2025, तिन्ही वर्षी बरोब्बर 90 जिंकल्या. 2021 ला घरी बसले. 2022 ला प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, टीम दहाच्या बारा झाल्या आणि हे वाइल्ड कार्डने, म्हणजे आपला गट न जिंकताही मिळणाऱ्या जागेवर, आत गेले, 2001 नंतर पहिल्यांदा. 2025 ला तेवढ्याच विजयांत डिव्हिजनच, म्हणजे आपला गटच, जिंकली. त्याच गटातलं ह्यूस्टन त्या वर्षी ढेपाळलं हो, दुसरं काय!

म्हणून सप्टेंबरमध्ये आपल्याच डिव्हिजनच्या मॅचेस चुकवू नका. बरोबरी झाली तर आता जादा मॅच होत नाही, आपसात कोण जास्त जिंकलं ते आधी बघतात. 2025 ला मरिनर्सनी ह्यूस्टनला जाऊन तिन्ही मॅचेस मारल्या, तिथेच निकाल लागल्यासारखा होता.

भारतातून बघणाऱ्यांना उन्हाळ्यात इथली संध्याकाळी 6:40 ची मॅच सकाळी 7:10 ला लागते. माझी बहीण चहाबरोबर बघते. पण ऑक्टोबरमध्ये जपून. सीझनमध्ये नऊ इनिंग्जनंतर बरोबरी असली तर दहावीपासून दुसऱ्या बेसवर आयता रनर ठेवतात, तो प्लेऑफमध्ये नसतो, त्यामुळे मॅच कितीही लांबते. 10 ऑक्टोबर 2025 ला डेट्रॉइटविरुद्धची 15 इनिंग्ज चालली, जवळजवळ पाच तास. सांगलीत साडेदहा वाजून गेले होते. तेव्हा प्लेऑफच्या दिवशी कुकर आधी लावून घ्या.