घराजवळची वारी : तयारीची यादी

आळंदी ते पंढरपूर हे अंतर पालखीमार्गाने साधारण २५० किलोमीटर. रजा मिळत नसेल, घरी आजारी माणूस असेल किंवा गर्दी झेपत नसेल, तर हीच वाटचाल गावाजवळच्या कॅनॉलच्या रस्त्याने, टेकडीवरून करता येते. मात्र एकूण अंतराला दिवसांनी भागून रोज सारखं चाललात, तर तो नुसता फेरफटका होतो. म्हणून आधी वहीत माउलींच्या पालखीचे टप्पे उतरवून घ्या.

आळंदी ते पुणे सुमारे २९ किलोमीटर, पुणे ते सासवड ३२. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन मुक्काम असतात, त्यामुळे या मोठ्या चालींनंतर पायांना एकेक दिवस मिळतो. पुढे जेजुरी १६, वाल्हे १२, लोणंद २०, तरडगाव अवघे ८, फलटण २१. लोणंद-फलटणचे मुक्काम तिथींप्रमाणे कमी-जास्त होतात. त्यानंतर बरड १८, नातेपुते २१, माळशिरस १८, वेळापूर १९ आणि भंडीशेगाव २१ : पाच दिवस सलग, मध्ये विसावा नाही. धास्ती सगळे पुणे-सासवडमधल्या दिवे घाटाची घेतात. पाय कुरकुरतात ते माळशिरसच्या आसपास. टप्पे दर रविवारी एक असे उरकणार असाल, तरी या पाच दिवसांपुरती रजा काढाच, नाहीतर वारीतलं अवघड तेवढं नेमकं गळून जातं.

वाट ठरवताना सात-आठ किलोमीटरचा गोल फेरा धरा, म्हणजे लांबच्या दिवशी तोच चार वेळा घालता येतो आणि अडचण आली तर घर जवळ. फेऱ्यावर पाणी कुठे मिळेल, बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठे आहे (पेट्रोल पंप, देऊळ, ओळखीचं घर), हे आधी पाहून ठेवा. वनखात्याच्या टेकड्यांवर ये-जा करण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्याही विचारा. निदान अर्धं अंतर डांबरी रस्त्यावर हवं, कारण पालखीमार्ग बहुतेक पक्क्या रस्त्यानेच जातो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. सतत एकाच कडेने चाललं की एकच गुडघा किंवा खुबा दुखायला लागतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजवी कड धरायची हे खरं, पण रहदारी नसलेल्या पट्ट्यात मधोमध या. काळ्या मातीची पाणंद पाऊस पडल्यावर सोडून द्या. तळव्याला चिखलाचे थर चढतात आणि पोटऱ्या भरून येतात.

बूट अर्धा नंबर मोठे आणि आधीच १०० किलोमीटर वापरलेले. लांब चालीत पाय सुजतात, घट्ट बुटात अंगठ्याचं नख काळं पडतं. वाटचालीला निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी नखं सरळ रेषेत कापा. फोड चालण्याइतकाच ओलाव्यानेही येतो, म्हणून मोज्यांचे तीन जोड घ्या आणि दोन तासांनी पाय पुसून जोड बदला. टाचेला चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावा. पुढच्या विसाव्याला बघू म्हणालात की फोड आलाच. मांड्या काचू नयेत म्हणून सकाळीच व्हॅसलीन चोळा. हातातली अंगठी घरी ठेवा, बोटंही सुजतात.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, ढगाळ हवेत थोडं कमी. मीठ-साखरेचं पाणी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका. खायला दशमी, शेंगदाणे, गूळ. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, खिशात साखर ठेवा, रोज रात्री तळवे उजेडात पाहा आणि औषधांच्या वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. छातीत दुखलं तर फेरा तिथेच थांबवा.

टाळ नेणार असाल तर सरावातही न्या. टाळ वाजवत चालताना पाऊल आखूड पडतं. ताशी चार किलोमीटरची चाल तीनवर येते, म्हणजे ३२ किलोमीटरचा दिवस विसावे धरून बारा तासांवर जातो. त्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी निघा. हरिपाठ संध्याकाळी, मुक्कामावर.

भंडीशेगावनंतरचा वाखरीचा टप्पा लहान, आणि तिथून दशमीला पंढरपूर पाचच किलोमीटर. एकादशीला पंढरीत नगरप्रदक्षिणा असते. तिच्या जागी आपल्या गावाला एक फेरी घाला, उपाशीपोटी असाल म्हणून ऊन चढायच्या आत. पुन्हा लांब चालायचं ते द्वादशीला उपवास सोडल्यावरच.