हॉर्नबी रोडच्या चित्रांची तारीख ठरवताना

मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गाचा, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडचा, इतिहास जुन्या छायाचित्रांवरून लावू पाहणाऱ्या नवख्या अभ्यासकाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मी मात्र बहुतेक जागा चित्राच्या तारखेलाच देणार आहे, कारण या एका प्रश्नाने माझा पिच्छा अजून सोडलेला नाही.

समजा, हाती एक रंगवलेले पोस्टकार्ड आहे आणि त्यावर 1912 चा टपालशिक्का आहे. छायाचित्र त्याआधीचे आहे, एवढेच तो शिक्का सांगतो. विक्रेते एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षे वापरत, त्यामुळे किती आधीचे हे चित्रातल्या वस्तूंवरूनच ठरवावे लागते. महापालिकेची मनोऱ्यासह पुरी झालेली इमारत दिसत असेल, तर चित्र 1893 च्या अलीकडचे. विजेची ट्राम धावताना दिसत असेल, तर मे 1907 नंतरचे. इथवर सारे सरळ आहे. मात्र ट्रामच्या तारा दिसत नाहीत, म्हणून चित्र 1907 च्या आधीचेच, असे मुळीच लिहू नका. कार्ड रंगवणारे कारागीर आकाशावर निळा हात फिरवताना तारा खुशाल पुसून टाकत. तेव्हा तारांवर विसंबू नका, कडेचे खांब पाहा. ट्रामपुढे घोडे जुंपलेले आहेत का, ते भिंगाखाली तपासा. खांबही नाहीत आणि घोडेही नाहीत, असे झाले तर गप्प बसावे. न दिसणाऱ्या वस्तूवरून काढलेले अनुमान दुसऱ्या कशाचा तरी आधार मिळेपर्यंत कच्चेच असते, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे ते उगाच नव्हे.

नकाशांचीही तीच गत. फोर्टची तटबंदी 1860 च्या दशकात पाडली गेली आणि लॉटन या अधिकाऱ्याने नकाशांसाठी केलेली शहराची मोजणी 1865 ते 1872 अशी चालली. म्हणजे शहर बदलत असतानाच ते मोजले जात होते. त्या नकाशाच्या शेजारशेजारच्या दोन पत्रकांवरची (सुट्या कागदांवरची) जमीन एकाच वर्षाची आहे, असे गृहीत धरता येत नाही. तटबंदीच्या मोकळ्या झालेल्या जागेसाठी केलेले आराखडे तर आणखी फसवे, कारण त्यांत नियोजित रस्तेही असतात आणि झेरॉक्समध्ये तुटक रेषा सलग दिसू लागते. शक्य असेल तर मूळ पत्रक मागवा.

जुना नकाशा संगणकावर आजच्या नकाशावर ताणून बसवण्याच्या हल्लीच्या सोयीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पुरेसा ताणला की कोणताही नकाशा कशावरही बसतो. करायचेच असेल, तर 1718 चे सेंट थॉमस कथीड्रल, 1864 चा फ्लोरा फाउंटन, अशा जागच्या न हललेल्या खुणा धरा. चित्र उलटे छापले गेले नाही ना, हेही पाहा: दक्षिणेकडून पाहताना बोरीबंदरचे स्टेशन (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) उजव्या हाताला हवे आणि महापालिका डाव्या.

एवढे वाचून धीर सुटण्याचे कारण नाही. महिनाभर पाहण्याची सवय ठेवली की नजर बसते. त्यासाठी अंगी काही विशेष असावे लागत नाही. चित्र पाहताक्षणी साल सांगणारे जाणकार भेटतील, त्यांना नम्रपणे 'कशावरून?' एवढेच विचारावे. या प्रश्नाने जे रागावतात, त्यांच्याकडे शिकायला जाऊ नये. वहीत एकच साल न लिहिता '1893 ते 1912' असे लिहावे आणि शेजारी दोन्ही टोकांची कारणे नोंदवावीत. पुढे कधी त्याच निगेटिव्हची न रंगवलेली प्रत हाती आली आणि तीत तारा निघाल्या, तर 1893 खोडून 1907 करायला एक मिनिट लागते.