तालुक्याच्या दवाखान्याने डिजिटल नोंदींचे प्रोत्साहन अनुदान कसे मिळवावे

आरोग्याच्या नोंदी डिजिटल पद्धतीने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने १ जानेवारी २०२३ पासून डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम सुरू केली. पात्र रुग्णालये, प्रयोगशाळा आणि सॉफ्टवेअर पुरवठादार यांना या योजनेत जास्तीत जास्त चार कोटी रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळू शकते. योजनेची मुदत पूर्वी वाढवली गेली आहे. म्हणून चालू मुदत, खाटांची अट आणि दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधी वाचून घ्यावेत.

हे अनुदान संगणक खरेदीसाठी नाही. रुग्णाच्या आभा खात्याशी (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे त्याचे डिजिटल आरोग्य खाते) जोडलेल्या नोंदी मोजल्या जातात आणि ठरावीक किमान संख्येच्या वरच्या नोंदींवरच रक्कम मिळते. त्यामुळे यंत्रांवर खर्च करण्यापूर्वी नोंदणीच्या खिडकीवरील कामाची घडी बसवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रथम मिशनच्या दोन नोंदवह्यांत, म्हणजे दवाखान्याची हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत आणि डॉक्टरांची हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत, नोंद करावी. त्यानंतर मिशनशी जोडलेले सॉफ्टवेअर निवडावे; मात्र करार करण्यापूर्वी, वीज किंवा इंटरनेट गेल्यावर नोंद कशी सांभाळली जाते, हे पुरवठादाराकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे, कारण धारणी किंवा एटापल्लीसारख्या दुर्गम ठिकाणी सारे काम त्यावरच अडते.

खरी कसोटी आभा काढताना लागते. आधारला जोडलेला मोबाइल पुण्याला कामाला गेलेल्या मुलाजवळ असेल, तर ओटीपी मिळत नाही. अशा वेळी ओळख पटवण्याचे दुसरे कोणते मार्ग सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते कर्मचाऱ्यांना आधीच शिकवावे. आभा ऐच्छिक आहे, हे रुग्णाला त्याच्या बोलीत सांगावे, संमतीशिवाय एकही नोंद जोडू नये आणि आभा नसल्याच्या कारणाने कोणालाही उपचाराविना परत पाठवू नये. आकडा वाढवण्याच्या घाईत संमती उरकून घेणे हा रुग्णावर अन्याय आहे.

सुरुवात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांपासून करावी. पन्नीत जपलेले जुने कागद घेऊन ही माणसे नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात जातात आणि एखादा तपासणी अहवाल हरवला की तीच तपासणी पुन्हा करावी लागते. त्यांचे रक्ततपासणीचे अहवाल, औषधचिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड आभाशी जोडल्यास, रुग्णाच्या परवानगीने, पुढील रुग्णालयातील डॉक्टरांना ते पाहता येतात, मात्र त्या रुग्णालयाची प्रणालीही मिशनशी जोडलेली असली पाहिजे.

चौदा अंकी आभा क्रमांक केसपेपरवर छापावा आणि महिनाअखेर आपल्याकडील जोडलेल्या नोंदींची संख्या योजनेच्या पोर्टलवरील संख्येशी ताडून पाहावी.