कोझी फँटसीचे अभिवाचन: ऑडिओबुक करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कोझी फँटसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अद्भुतकथांमध्ये जादू असते, चेटकिणी आणि ड्रॅगन असतात, प्रवास आणि साहसही असते. परंतु जगाचा विनाश टाळण्याची जबाबदारी सहसा कोणाच्या शिरावर नसते. कोणाला बंद पडलेली खानावळ पुन्हा सुरू करायची असते, कोणाला औषधी वनस्पतींचा मळा थंडीतून वाचवायचा असतो, कोणाला अनोळखी गावात चार माणसे जोडायची असतात. या प्रकाराला २०२२ साली मोठा वाचकवर्ग मिळवून देणारी ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ‘लेजंड्स अँड लाटेज’ ही कादंबरी तलवार खाली ठेवून कॉफीचे दुकान काढणाऱ्या एका योद्धा स्त्रीची आहे. बाल्ड्री आधीपासूनच व्यावसायिक ऑडिओबुक निवेदक होते आणि या कादंबरीचे वाचनही त्यांनी स्वतःच केले. या कथांचे कानाशी नाते किती जवळचे आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

मराठीत अशा कथा, मूळ असोत वा अनुवादित, ऑडिओबुकसाठी वाचायच्या असतील तर निवेदकाने एक धोरण सुरुवातीलाच पक्के करावे: जादू नेहमीच्या आवाजात वाचायची आणि नेहमीच्या गोष्टी पूर्ण लक्ष देऊन वाचायच्या. बहुतेक नवे निवेदक याच्या उलट करतात. मंत्र आला की आवाज गूढ होतो, ड्रॅगन आला की घसा खरखरतो आणि पीठ मळण्याचे किंवा दिवे लावण्याचे वर्णन आले की पुढचा प्रसंग गाठण्याच्या घाईत वेग वाढतो. वास्तविक या प्रकारात पीठ मळणे हाच प्रसंग असतो.

रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी पुस्तक अखेरपर्यंत वाचून काढावे, कारण पात्राच्या बोलण्याची खूण लेखकाने अनेकदा उशिरा सांगितलेली असते. सहाव्या प्रकरणापर्यंत खणखणीत आवाजात वाचलेला म्हातारा सातव्या प्रकरणात ‘नेहमीप्रमाणे पुटपुटला’ असे निघाले, तर मागचे सगळे संवाद पुन्हा करावे लागतात. वाचताना एक वही जवळ ठेवावी. तीत प्रत्येक पात्राचे वय, चालण्या-बोलण्याचा वेग, कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’, तसेच कल्पित गावांची व माणसांची नावे कशी उच्चारायची, हे नोंदवावे. नावांबाबत अंदाजाने पुढे जाऊ नये. लेखक किंवा अनुवादक उपलब्ध असतील तर त्यांनाच विचारावे. शक्य झाल्यास त्यांच्याकडून नावांचे उच्चार फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावेत, म्हणजे आठवडाभराने शंका आली तरी पुन्हा ऐकता येतात.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची नोंद मी मुद्दाम सांगतो आहे. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे अनुवादात हा निर्णय अनुवादकाने घेतलेला असतो आणि बहुधा विचारपूर्वक घेतलेला असतो. खानावळीची मालकीण आणि परका पाहुणा शंभर पाने एकमेकांना ‘अहो-जाहो’ करतात आणि एका संध्याकाळी तिच्या तोंडून ‘बस ना जरा’ असे निघून जाते, तेव्हा कथेतली सर्वांत मोठी घटना तिथेच घडलेली असते. ती निवेदकाच्या ध्यानात आली नसेल तर श्रोत्यापर्यंतही पोहोचत नाही. आवाज चढवण्याची गरज नाही. त्या शब्दाआधी क्षणभर थांबले तरी पुरे होते.

आता एक छोटा उतारा घेऊन प्रत्यक्ष पाहू. तो केवळ उदाहरणासाठी रचलेला आहे.

“राधाक्कांनी चुलीत फुंकर घातली. जाळ धरला नाही. त्यांनी वाकून आत पाहिले, तर राखेत तो हिरवा जीव अंगाचे वेटोळे करून झोपला होता. ‘ऊठ रे बाबा,’ त्या म्हणाल्या, ‘पाहुणे यायची वेळ झाली.’ ड्रॅगनने एक डोळा उघडला, भली मोठी जांभई दिली, आणि त्या जांभईतच लाकडांनी पेट घेतला.”

पहिल्या दोन वाक्यांत संकट नाही, तर रोजच्या कामातला अडथळा आहे; म्हणून ‘जाळ धरला नाही’ हे वाक्य काळजीने वाचण्यापेक्षा किंचित वैतागाने, खाली उतरत्या सुरात वाचावे. ‘तो हिरवा जीव’ या शब्दांशी आश्चर्य दाखवण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण राधाक्का हे दृश्य रोज पाहतात आणि निवेदन त्यांच्या नजरेतून चालले आहे. आश्चर्य वाटण्याचा हक्क श्रोत्याचा आहे, निवेदकाने तो आधीच बजावू नये. ‘ऊठ रे बाबा’ हे शब्द सकाळी शाळेसाठी नातवाला उठवणाऱ्या आजीच्या सुरात यावेत. शेवटच्या वाक्यात स्वल्पविरामांवर एकसारखे न थांबता ‘जांभई दिली’ नंतर एक पूर्ण श्वास घ्यावा आणि ‘जांभईतच’ मधल्या ‘च’ वर हलका भर द्यावा. हशा किंवा चमत्कार जो काही आहे, तो त्या एका अक्षरात आहे.

महाराष्ट्राला गोष्ट सांगण्याची जुनी सवय आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला सभागृहे भरत असत, आणि अनेक निवेदक तेच नमुने कानात ठेवून माइकसमोर येतात. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, विशेषतः बोलीतल्या संवादाची लय. परंतु कथाकथनात समोर शेकडो माणसे असतात, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो आणि हशा संपेपर्यंत थांबायचे असते. ऑडिओबुकचा श्रोता एकटा असतो, बहुधा कानात इअरफोन घालून स्वयंपाक करत किंवा अंथरुणावर पडून ऐकत असतो. त्याच्याशी हातभर अंतरावरून बोलतो आहोत अशा आवाजात वाचावे. ही जवळीक म्हणजे कुजबुज नव्हे. मधाळ, झोपाळू, प्रत्येक वाक्याच्या अखेरीस विरत जाणारा आवाज पहिली दहा मिनिटे सुखद वाटतो आणि त्यानंतर शब्द कानावरून नुसते घरंगळतात. ऊब आवाजाच्या गोडव्यातून येत नाही. निवेदकाला समोरच्या भाकरीत, दिव्यात, पावसात खरोखर रस आहे, हे जाणवल्यावर ती आपोआप येते.

वेगाबद्दल ठाम नियम सांगता येत नाही. इंग्रजी ऑडिओबुकमध्ये ताशी सुमारे ९,३०० शब्द असा हिशेब धरतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्यामुळे शब्द लांब होतात आणि तेवढ्याच वेळात शब्दसंख्या बरीच कमी भरते. त्यामुळे पुस्तकाची लांबी इंग्रजी आकड्यावरून न काढता स्वतःच्या वाचनाची दहा मिनिटे मोजून काढावी.

पात्रांचे आवाज वेगळे करताना उंच-खालच्या पट्टीवर फार विसंबू नये. दहा तासांच्या पुस्तकात ड्रॅगन तीनशे वेळा बोलणार असेल, तर घसा ताणून काढलेला आवाज पहिल्याच दिवशी दगा देतो. एक पात्र वाक्य सुरू करण्यापूर्वी श्वास घेते, दुसरे वाक्याच्या मध्येच अडखळते, तिसरे प्रत्येक शब्द सुटा ठेवते, असे फरक टिकतात आणि ऐकणाऱ्याला पुरतातही. स्त्रीपात्र वाचताना पुरुष निवेदकाने आवाज बारीक करू नये, स्त्री निवेदकानेही पुरुषासाठी तो जाड करू नये; बोलण्याचा हेतू बदलला की व्यक्ती बदलते.

बोलींच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. नायक प्रमाण मराठीत बोलतो आणि बुटका, गबाळा, विनोदी राक्षस मात्र वऱ्हाडीत किंवा मालवणीत, असे करणे सर्वस्वी चुकीचे आहे. संहितेत बोली लिहिलेली असेल तर ती नीट शिकून, त्या भागातल्या माणसाला ऐकवून वाचावी. लिहिलेली नसेल तर हसे मिळवण्यासाठी वरून लावू नये. जिथे सर्वांना जागा आहे असे जग उभे करणे हाच ज्या कथेचा प्राण आहे, तिच्यात एखाद्या श्रोत्याच्या घरची भाषा चेष्टेसाठी वापरली गेली तर कथाच मोडते.

साहसाचे प्रसंग येतात तेव्हा ते खरे वाचावेत. अखेरीस सगळे ठीक होणार, हे निवेदकाला ठाऊक असते, पुराने वेढलेल्या पुलावर उभ्या असलेल्या मुलीला ठाऊक नसते. तिची भीती हलक्याने घेतली, तर त्यानंतर मिळणारा गरम चहाचा पेला श्रोत्याला काहीच देत नाही. दुःखाचेही तसेच आहे. यातली बरीच पात्रे मागे काहीतरी हरवून आलेली असतात आणि लेखक ते एखाद्याच ओळीत सांगून पुढे जातो. ती ओळ सपाट, स्वच्छ वाचावी. रडवेला सूर लावू नये.

उच्चारांकडे मराठी निवेदकाला विशेष लक्ष द्यावे लागते, कारण च, ज, झ ही अक्षरे लिपीत एकच असली तरी त्यांचे तालव्य आणि दंत्य असे दोन उच्चार आहेत. ‘चंद्र उगवला आणि चांदणे पसरले’ या साध्या वाक्यात पहिला ‘च’ तालव्य आहे आणि दुसरा दंत्य. ‘माझा’ मधला ‘झ’ आणि ‘माझी’ मधला ‘झ’ वेगळे आहेत. सरावाच्या वाचनात हे आपोआप बरोबर येते, पण कल्पित नावांत निर्णय घ्यावा लागतो आणि तो पुस्तकभर पाळावा लागतो. निवेदनात ‘केले, गेले’ आणि संवादात ‘केलं, गेलं’ असे संहितेत असेल तर तो फरक जपावा; थकव्याच्या भरात दोन्ही एक होऊन जातात आणि निवेदक व पात्र यांच्यातली रेषा पुसली जाते.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने महागड्या माइकआधी खोलीचा विचार करावा. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, मागे व बाजूंना जाड गोधड्या टांगून बसले तर भिंतींवरून परतणारा आवाज बराच कमी होतो. पंखा आणि फ्रीज बंद ठेवावेत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, देवळातली आरती आणि पत्र्यावरचा पाऊस यांच्या वेळा ओळखून आपली वेळ ठरवावी, ती बहुधा रात्री उशिराची किंवा पहाटेची निघते. तोंड आणि माइक यांत साधारण एक वीत अंतर ठेवावे आणि माइक थोडा तिरका असावा, कारण प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांबरोबर सुटणारी हवा थेट आदळली की धप्प असा आवाज येतो. मराठीत ‘भाकरी’, ‘फुंकर’, ‘पाऊस’ हे शब्द या कथांमध्ये पानोपानी भेटतात. पॉप फिल्टर, म्हणजे ही हवा अडवणारी माइकपुढची जाळी, लावला तरी हा तिरकेपणा सोडू नये.

तांत्रिक निकष प्रत्येक प्रकाशकाचे वेगळे असतात. सरावासाठी ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या मंचाचे निकष सोयीचे आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च पातळी उणे ३ डेसिबलच्या आत, शांततेतला खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलहून कमी आणि ४४.१ किलोहर्ट्झची, किमान १९२ केबीपीएसची एमपी३ फाइल. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. खोलीतला आवाज सॉफ्टवेअरने जबरदस्तीने पुसू नये; माणूस डब्यात बसून बोलतो आहे असे ऐकू येते आणि सगळी जवळीक नाहीशी होते. पार्श्वसंगीत व पावसाचे, चुलीचे आवाज घालण्याचा विचार पुष्कळांना सुचतो. माझ्या मते प्रकाशकाने मागितल्याशिवाय ते घालू नयेत, कारण वाक्यातला पाऊस ऐकू येण्यासाठी श्रोत्याच्या कानात शांतता असावी लागते.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये चूक झाली की थोडे मागे जाऊन आधीचे वाक्य ऐकावे आणि त्याच्या शेवटापासून पुढे वाचायला लागावे. याला पंच अँड रोल म्हणतात. यामुळे एडिटिंगचे काम कमी होते आणि दुरुस्ती आधीच्या सुरातच बसते. रोज सुरुवात करण्यापूर्वी पहिल्या प्रकरणातली दोन मिनिटे आणि आदल्या दिवशीची शेवटची दोन मिनिटे ऐकावीत, नाहीतर आठव्या दिवशीची राधाक्का पहिल्या दिवशीची राहत नाही. रिकाम्या पोटी बसू नये, कारण पोटाची गुरगुर माइकला स्पष्ट ऐकू जाते. भरपेट जेवूनही बसू नये. कोमट पाणी जवळ ठेवावे. तोंड कोरडे पडल्यावर जिभेचे चटचट आवाज येऊ लागतात, त्या वेळी आंबट सफरचंदाचा तुकडा उपयोगी पडतो.

हक्कांची बाब थोडक्यात, पण निःसंदिग्धपणे सांगावी लागेल. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे लेखनावर स्वामित्वहक्क असतो आणि अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. लेखी परवानगीशिवाय एखादे प्रकरणही सार्वजनिक करू नये.

सगळे वाचून झाल्यावर संहिता समोर ठेवून संपूर्ण पुस्तक ऐकावे, शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला तरी ऐकायला लावावे, आणि गळलेले शब्द, बदललेले उच्चार, अनवधानाने दुसऱ्याच पात्राच्या आवाजात गेलेले संवाद यांची मिनिट-सेकंदांसह यादी करून ते तुकडे एकाच बैठकीत, दिवसाच्या ज्या वेळी मूळ रेकॉर्डिंग केले त्याच सुमारास पुन्हा रेकॉर्ड करावेत. नमुन्यासाठी पाचेक मिनिटांचा उतारा निवडताना लढाईचा किंवा मंत्रांचा प्रसंग घेऊ नये. दोन पात्रे एकत्र काहीतरी काम करताना बोलत आहेत, असा उतारा शोधावा. निवेदन, संवाद आणि कथेचा स्वभाव या तिन्हींची ओळख तिथे एकदम होते, आणि पुढचे दहा तास या आवाजासोबत घालवायचे की नाही, हे श्रोत्याला ठरवता येते.