नर्सिंगच्या नोकरीआधीची टेस्ट: गोव्यातल्या नवोदितांसाठी थोडं अनुभवाचं

नर्सिंगला उत्तम टक्के मिळवलेली मुलं नोकरीच्या लेखी टेस्टला अडकतात, आणि बहुतेक वेळा गणितातच अडकतात. ॲनाटॉमी तोंडपाठ असते, पण 500 मिलीचं सलाईन चार तासांत द्यायचं तर मिनिटाला थेंब किती, म्हटलं की पेन थांबतं. सलाईनचा सेट (नळी) 20 थेंबांचा, म्हणजे एका मिलीला 20 थेंब पाडणारा असेल तर 500 गुणिले 20, भागिले 240. उत्तर 42 च्या आसपास. सूत्र सगळ्यांना येतं, पण तासांची मिनिटं करायची राहून जातात. मायक्रो सेटला 60 थेंब धरायचे, हेही घाईत सुटतं.

लहान मुलांच्या डोसावर प्रश्न असतोच असतो. बारा किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 180 मिलिग्रॅम. इथवर सगळे पोचतात. पण बाटली 5 मिलीत 120 ची असेल तर साडेसात मिली, आणि 250 ची असेल तर 3.6 मिली. प्रश्न काढणाऱ्याला तुम्ही लेबल वाचता का तेवढंच बघायचं असतं. इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे एका मिलीत 40 युनिटची वायल (औषधाची कुपी) आणि 100 युनिटची, दोन्ही मिळतात. 40 च्या सिरिंजला लाल टोपी, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला 20 नव्हे, 50 युनिट जातात. मला विचाराल तर अख्ख्या पेपरात हा एकच प्रश्न ठेवला तरी चालेल. म्हणून रोज पाच-सहा गणितं कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा. एककं प्रत्येक ओळीत लिहा.

बायोमेडिकल कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, हात धुण्याचे पाच प्रसंग, सीपीआरचं 30:2 (छातीवर 30 दाब, मग 2 श्वास), पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचे 3 ते 15 गुण हे एका संध्याकाळचं काम आहे. त्यात जास्त वेळ घालवू नका.

खरी परीक्षा 'आधी कोणाकडे जाल' या प्रश्नात असते. चार पेशंट दिलेले असतात: एक दुखतंय म्हणून ओरडतोय, एकाची ड्रिप संपत आलीय, एकाचे नातेवाईक भांडायला उठलेत, आणि ऑपरेशन होऊन आलेला चौथा मघापासून उगाच अस्वस्थ आहे, अंगावरची चादर ओढतोय. आवाज करणाऱ्याकडे धावायची सवय आपल्याला वॉर्डच लावतो. पण अचानक आलेली अस्वस्थता किंवा गोंधळ हे ऑक्सिजन कमी पडत असल्याचं पहिलं लक्षण असू शकतं. उत्तर चौथा.

काही ठिकाणी स्वभावाचे प्रश्नही असतात. सीनियरने दिलेल्या इंजेक्शनची नोंद तुमच्या सहीने करायला सांगितली तर? डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर? पहिल्यात सही करायची नाही. ज्याने दिलं त्यानेच नोंद करायची. दुसऱ्यात ऑर्डर लिहून घ्यायची, डॉक्टरांना परत वाचून दाखवायची, नंतर त्यांची सही घ्यायची. इथे देवमाणूस बनायला जाऊ नका. 'मला कधीच राग येत नाही' यावर ठाम खूण केली, की पुढे तोच प्रश्न शब्द फिरवून येतो आणि तुम्ही पकडले जाता.

सरकारी जागेची गोष्ट वेगळी. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा संगणकावर होतात, तेव्हा सायबर कॅफेत बसून का होईना, माउस चालवत मॉक टेस्ट देऊन बघा. जाहिरातीत 15 वर्षांच्या रहिवासाची अट असते, कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं. डिचोली, पेडण्याकडच्या आपल्या मुलांना कोंकणी बोलता येते. पण औपचारिक बोलायची वेळ आली की पुस्तकी मराठी तोंडात येते. औषध कधी घ्यायचं, पथ्य काय पाळायचं, हे पेशंटला कोंकणीत समजावून सांगायचा सराव घरीच करा. रहिवास दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात जाहिरातीची वाट न बघता जा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्डही तपासून ठेवा.

आणि हिपॅटायटिस बीची लस. निवड झाल्यावरच्या वैद्यकीय तपासणीत तिच्याबद्दल विचारतात. तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे रुजू व्हायचं पत्र आल्यावर धावपळ करून ती पुरी होत नाही. शेवटच्या वर्षाला असाल तर पहिला डोस आत्ताच घ्या, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून रिपोर्ट फाइलला लावा. टायटर 10 mIU/ml किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक.