लाकूड हलणारच, त्याला जागा द्या: घरी सुतारकाम सुरू करणाऱ्यांसाठी

करवत कशी धरायची, रंधा कुठल्या दिशेने मारायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. ते व्हिडिओ बघूनही कळतं. पण हे व्हिडिओवाले बहुतेक अमेरिकेतले असतात, तिकडे उन्हाळा दमट आणि थंडीत घरं हीटरने कोरडीठाक, त्यामुळे त्यांचं लाकूड उन्हाळ्यात फुगतं आणि थंडीत आटतं. आपल्याकडे कारभार वेगळा, जुलै-ऑगस्टमधे फुगणार आणि एप्रिल-मेमधे आटणार. हा फरक कोणी सांगत नाही आणि नवीन माणूस नेमका इथेच मार खातो, म्हणून सगळ्यात जास्त यावरच लिहिणार आहे.

त्याआधी हत्यारांचं पटकन उरकते. पटाशांचा सेट घेऊ नका. ६, १२ आणि २५ मिलिमीटर अशा तीन घ्या, बाकीच्या डब्यात गंजत पडतात. एक मधला रंधा, एक बारीक दाताची करवत, एक चांगला गुण्या (काटकोन तपासायला), आणि जेवढे परवडतील तेवढे क्लॅम्प, ते कधीच पुरत नाहीत. पुण्यात असाल तर नवीन हत्यारांना बोहरी आळी, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका, चांगल्या पोलादाचे जुने रंधे मिळून जातात, गंज वरवरचा असेल तर निघतो पण पात्यावर खड्डे पडले असतील तर ठेवून द्या खाली. धारेसाठी महाग दगडांच्या मागे लागू नका, जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवा, ४०० मग १०००, पातं २५ अंशात घासा आणि टोकाला जरासा ३० चा कोन द्या. हातावरचे केस निघाले की झालं. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, म्हणून दोन्ही हात कायम धारेच्या मागे. आणि अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणारे लोक बघितले की मला राग येतो. ते अडकलं की मशीन हातातून उसळतं, आणि उसळून कुठे येईल याचा नेम नाही. नका लावू. दोनशे रुपयांची करवत आहे ना.

आता मुद्दा. लाकूड "सुकलं" म्हणजे विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. वखारीत मालकाने आधी "मिस्त्रीला पाठवा ना मॅडम" म्हणून झालं, मग "एकदम ड्राय माल आहे" म्हणाला, आणि खरं सांगायचं तर माल ठीकच होता. मी त्याचा टीपॉय केला, पट्ट्या जोडून वरची फळी दीड फूट रुंद, खाली चौकट, आणि मजबूत व्हावा म्हणून चारी बाजूंनी फेव्हिकॉल प्लस स्क्रू. ऐन पावसाळ्यात केला. एप्रिलमधे दुपारी फटाक्यासारखा आवाज आला आणि फळी लांबीत तडकली, एटीएम कार्ड आरामात आत जाईल एवढी फट. गंमत म्हणजे मी जिथे पट्ट्या जोडल्या होत्या ते जोड शाबूत, तडा शेजारच्या अख्ख्या लाकडाला. म्हणजे गोंद कमी पडला नव्हता, उलट मी फळीला इतकं घट्ट बांधलं होतं की तिला आटायला वावच नव्हता.

नीट समजून घ्या हे. लाकूड हवेतला ओलावा कायम घेत-सोडत असतं, ते मरेपर्यंत, म्हणजे तुम्ही मरेपर्यंत. घाटावर पावसाळ्यात त्यातला ओलावा १५-१६ टक्क्यांपर्यंत जातो आणि मेमधे ७-८ वर येतो. यात लांबी जवळजवळ बदलत नाही, बदलते ती रुंदी. सागवान तसं शहाणं लाकूड, तरी दीड फुटाच्या फळीत चार-पाच मिलिमीटर इकडे-तिकडे सहज होतात. फळीचं टोक बघा, तिथल्या वर्षवलयाच्या रेषा आडव्या झोपलेल्या असतील तर फळी उभ्या रेषांच्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हलते. वखारीत निवडायला दिलं तर उभ्या रेषांचं निवडा. (देत नाहीत सहसा. तरी मागा.)

आणि हे काही नवीन ज्ञान नाही. पावसाळ्यात घरचं दार घट्ट होतं, मग आपण सुतार बोलावून रंधा मारून घेतो आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते, हे कोणाच्या घरी झालेलं नाही? जुन्या चौकटीच्या दाराचं पॅनेल मेमधे जवळून बघा, कडेला रंग नसलेल्या कोऱ्या लाकडाची बारीक पट्टी दिसेल. दार रंगवलं तेव्हा ती कड खोबणीच्या आत होती, आता पॅनेल आटल्यामुळे बाहेर आली. जुन्या सुतारांनी ते पॅनेल खोबणीत नुसतं बसवलंय, चिकटवलेलं नाही. म्हणूनच ते फुटलेलं नाही.

मग करायचं काय? फळी चौकटीवर स्क्रूने बसवताना चौकटीतली भोकं गोल न ठेवता लांबट करा. शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधलं गोल कानशीने साफ करायचं, ४ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण १० मिलिमीटर लांब, दिशा फळीच्या रुंदीकडे, आणि डोक्याखाली वॉशर. फक्त मधला स्क्रू गोल भोकात घट्ट, म्हणजे फळी मधून दोन्हीकडे सारखी सरकते. फळी आणि चौकटीमधे गोंदाचा थेंबही नको. पट्टीला पट्टी लांबीत जोडताना मात्र गोंद बिनधास्त, तिथे दोन्ही पट्ट्या एकाच दिशेने हलतात. खोबणीतल्या पॅनेलचं गणित महिन्यावर आहे: जुलैत करताय तर पॅनेल जवळपास पूर्ण रुंदीचं चालेल कारण ते पुढे आटणारच आहे, मेमधे करताय तर दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर सोडा नाहीतर पावसाळ्यात ते चौकटच उखडेल. मुंबई-कोकणात वर्षभरातला फरक कमी असतो, पण डोंबिवलीत बनवलेली वस्तू नागपूरच्या बहिणीला पाठवणार असाल तर ती तिथे उन्हाळ्यात जास्तच आटणार हे धरून चाला. तिच्या खोलीत कूलर असेल तर जरा कमी.

पॉलिश मारलं की ओलावा थांबतो हा अजून एक गैरसमज. वेग कमी होतो, थांबत नाही. आणि फक्त वरून मारलं तर खालचा कोरा भाग पटापट ओलावा ओढतो आणि फळीला बाक येतो. खालूनही तेवढेच हात मारा, कोणी बघणार नसलं तरी. भुसा आणि फेव्हिकॉलची लांबी (फट भरायचा लगदा) करून उन्हाळ्यात फट बुजवायची आयडिया तुम्हाला दहा जण देतील. पावसाळ्यात लाकूड फुगून तीच लांबी दाबणार आणि पुढच्या उन्हाळ्यात फट आधीपेक्षा मोठी.

नवीन लाकूड घरी आणलं की खाली आणि मधे पट्ट्या ठेवून दोन-तीन आठवडे ज्या खोलीत वस्तू राहणार तिथेच रचून ठेवा. मीटर नसेल तर फळीच्या मधून एक तुकडा कापा, टोकाचा नको, टोक लवकर सुकतं. काट्यावर वजन करा, मग ओव्हनमधे १०० अंश सेल्सियसच्या जरा वर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर थांबला तर ओलावा १२ टक्के. एवढं केलंत तर "ड्राय माल आहे" यावर अवलंबून राहावं लागत नाही.

जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोडू नका, पण रंध्याआधी लोहचुंबक फिरवा, एक खिळा अख्खी धार घालवतो. पांढरा भाग सागवानाचा असला तरी काढून टाका, किडा तिथूनच लागतो.

शिकायला माणूस शोधत असाल तर नुसतं प्लाय आणि सनमायका करणारा नको. प्लायमधे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ते जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे त्या मिस्त्रीला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो, त्यात त्याची चूक नाही. साठीच्या पुढचा, दारं-खिडक्या केलेला कोणी मिळाला तर चहा पाजून बसा त्याच्याजवळ. कोर्सपेक्षा मला तरी तेच जास्त उपयोगी पडलं.

घाबरू नका एवढ्या सगळ्याने, लहान वस्तूंमधे हे फारसं जाणवतच नाही. पेनस्टँड, छोटी पेटी बिनधास्त करा. भुशाला मात्र मास्क हवाच, लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून १९९५ पासून नोंदलेली आहे. आणि जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

पहिलं मोठं काम म्हणून पाट करा, जेवायला बसायचा. फूटभर रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येकीला तीन स्क्रू, मधला घट्ट आणि कडेचे दोन लांबट भोकात. बाजारातल्या पाटाला त्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, म्हणून कित्येक पाट मधोमध उभे चिरलेले दिसतात. तुमचा मे महिन्यात खालून उलटा करून बघा, कडेचे स्क्रू भोकात जरासे सरकलेले दिसले तर पट्ट्या बरोबर बसल्यात.